आधी अक्षांश की आधी रेखांश?



एका साध्या प्रश्नाने सुरुवात करतो. अमरावती कोठे आहे? तुम्ही म्हणाल, यात काय विचारायचे! वऱ्हाडात आहे. बडनेऱ्याला गाडीतून उतरले की थोड्याच अंतरावर. पण हाच प्रश्न संगणकाला घातला, तर त्याला ना वऱ्हाड कळते ना बडनेरा. त्याला कळतात फक्त दोन संख्या : २०.९३ आणि ७७.७५. पहिली अक्षांशाची, दुसरी रेखांशाची.

आता याच दोन संख्या उलट क्रमाने सांगून पाहा. ७७.७५ अक्षांश आणि २०.९३ रेखांश. झाले! अमरावती थेट उत्तर ध्रुवाच्या दिशेने निघून जाते. नॉर्वेच्याही उत्तरेला स्वालबार्ड नावाचा बर्फाळ द्वीपसमूह आहे. तेथील बेटांमधल्या समुद्रात तुमची अमरावती जाऊन पडते. अकोल्याचे आकडे २०.७० आणि ७७.०० असे आहेत. तेही उलटे केले की अकोला अमरावतीच्या दक्षिणेला, पण त्याच गारठलेल्या समुद्रात सापडते. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा ही कल्पना कोणालाही आवडेल. परंतु नकाशा करणाऱ्याला ती परवडणारी नाही.

ही कल्पनेतली गंमत नाही. आमच्या हातून ती प्रत्यक्ष घडली आहे, आणि तिच्या पाठोपाठ जी दुसरी चूक घडली तिचे मला आजही वाईट वाटते. म्हणूनच हा लेख.

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातील मुलामुलींनी खारपाणपट्ट्यातील विहिरींचा नकाशा करावयाचे ठरविले. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांतून पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारट आहे, हे तुमच्यापैकी अनेकांना घरच्या अनुभवाने ठाऊक असेल. ते पिववत नाही, आणि ओलितासाठी वापरले तर जमीन बिघडते. आमची पद्धत सोपी होती. पाण्यात क्षार जितके अधिक, तितकी त्या पाण्याची विद्युत्-वाहकता अधिक. विहिरीवर जावयाचे, वाहकता मोजावयाची, त्या जागेचे अक्षांश-रेखांश टिपावयाचे, आणि घरी आल्यावर संगणकावर नकाशा काढावयाचा. नकाशाची आज्ञावली, म्हणजे प्रोग्राम, मुलांनीच लिहिली. खारट विहिरीला लाल टिंब आणि गोड्या विहिरीला निळे.

पहिल्या दिवशी नकाशा उघडला तो कोरा! वऱ्हाडात एकही टिंब नाही. एका मुलाने नकाशा लहान करीत करीत सारी पृथ्वी पडद्यावर आणली आणि तो ओरडला, ‘‘सर, आपल्या विहिरी तं बर्फात गेल्या!’’ साऱ्या विहिरी स्वालबार्डपाशी गोळा झालेल्या. सगळे पोट धरून हसलो. क्रम उलटा झाला होता. पाच मिनिटांत दुरुस्ती झाली.

हा घोळ होतो तरी का? त्याचे मूळ तुमच्याच शाळेत आहे. भूगोलाच्या तासाला आपण ‘अक्षांश-रेखांश’ असे म्हणतो. अक्षांश आधी. दर्यावर्दी लोकांनाही अक्षांशच आधी साधला. ध्रुवतारा क्षितिजापासून किती वर आहे ते मोजले की अक्षांश मिळतो. रेखांशासाठी मात्र हलत्या जहाजावरही बिनचूक चालणारे घड्याळ हवे होते, आणि तसे घड्याळ अठराव्या शतकात जॉन हॅरिसनने करेपर्यंत दर्यावर्दी रेखांशाचा अदमासच बांधत होते.

पुढच्याच तासाला गणिताचे सर येतात आणि निर्देशक भूमिती शिकवतात. तेथे बिंदूचे स्थान क्ष आणि य असे लिहितात : आडवे अंतर आधी, उभे अंतर नंतर. आता नकाशावर आडवे अंतर कोणते? पूर्व-पश्चिम, म्हणजे रेखांश! म्हणजे गणिताच्या रीतीने रेखांश आधी यावयास हवा. दोन्ही शिक्षक बरोबर आहेत. पण ते दोघे कधी एका वर्गात भेटत नाहीत, आणि विद्यार्थी जेव्हा नकाशाची आज्ञावली लिहावयास बसतो तेव्हा त्याच्या एकट्याच्या डोक्यात त्यांची गाठ पडते.

संगणकाच्या जगातही हीच फाटाफूट आहे. लीफलेट नावाचे नकाशे दाखविणारे एक लोकप्रिय साधन आहे. व्होलोदिमिर अगाफोन्किन या युक्रेनच्या तरुणाने ते २०११ मध्ये सर्वांसाठी खुले केले. त्यात अक्षांश आधी द्यावा लागतो. परंतु नकाशाची माहिती साठविण्यासाठी जिओजेसन नावाची जी मांडणी जगभर वापरतात, तिच्या २०१६ मध्ये ठरलेल्या नियमांत रेखांश आधी लिहावा असे स्पष्ट म्हटले आहे. गूगल मॅप्सच्या शोधपेटीत अक्षांश आधी टाकतो, पण गूगल अर्थच्या केएमएल फायलीत रेखांश आधी असतो. आमच्या मुलांनी विहिरी एका रीतीने साठविल्या आणि दुसऱ्या रीतीने दाखविल्या. दुसरे काही नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. अक्षांश ९० पेक्षा मोठा असूच शकत नाही. गुवाहाटीचा रेखांश सुमारे ९१.७ आहे. तेथील एखाद्या मुलाने क्रम उलटा केला, तर आकडे तपासून घेणारी आज्ञावली लगेच अडवील : ९१.७ हा अक्षांश कसला? पण महाराष्ट्र ७२ ते ८१ रेखांशांच्या दरम्यान आहे. आपल्या आकड्यांची अदलाबदल झाली तरी ते शहाण्यासारखेच दिसतात. संगणक मुकाट्याने ते स्वीकारतो आणि आपल्याला बर्फात नेऊन सोडतो. आपल्या भागाला ही चूक ओरडून सांगत नाही, म्हणून आपण अधिक सावध असले पाहिजे.

आता दुसऱ्या चुकीकडे वळतो. हिच्यावर कोणी हसले नाही, कारण ती तीन आठवडे कोणाला दिसलीच नाही.

विहिरी मोजणाऱ्या आमच्या दोन तुकड्या होत्या. अकोल्याकडच्या तुकडीने मोबाईलवरून आकडे घेतले. ते दशांश अपूर्णांकात होते. दर्यापूरपासून अंजनगावच्या दिशेने गेलेल्या तुकडीजवळ एक जुने उपकरण होते. ते अंश आणि मिनिटे दाखवीत असे. दर्यापूरचा अक्षांश त्यावर २० अंश ५६ मिनिटे असा दिसे. वहीत लिहिताना मुलांनी सवयीने मध्ये टिंब दिले : २०.५६. झाली चूक! एका अंशात मिनिटे साठ असतात, शंभर नव्हेत. ५६ मिनिटे म्हणजे ५६ भागिले ६०, म्हणजे ०.९३ अंश. खरा आकडा २०.९३, आम्ही संगणकाला दिला २०.५६.

फरक किती पडला? एक अंश अक्षांश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. आमच्या विहिरी ४१ किलोमीटर दक्षिणेला सरकल्या. रेखांशातही तीच चूक झाल्याने तेरा-चौदा किलोमीटर पश्चिमेलाही गेल्या. दर्यापूरच्या खारट विहिरी बार्शीटाकळीच्या पूर्वेला जाऊन बसल्या. हा भाग खारपाणपट्ट्याच्या बाहेरचा. पण नकाशावर तर सारे वऱ्हाडातच दिसत होते! बर्फ नाही, समुद्र नाही. मग शंका कोणाला येणार?

नकाशा आम्ही मोबाईलवरून अनेकांना पाठविला. तीन आठवड्यांनी बार्शीटाकळीकडच्या एका गावातील आमची विद्यार्थिनी माझ्याकडे आली. म्हणाली, ‘‘सर, आमच्या गावाकडचं पाणी खारं नाही. पण मामांनी आपला नकाशा पाहिला अन् शेतात बोअर मारायचा विचार सोडून दिला.’’

मित्रांनो, त्या क्षणी मला फार लाज वाटली. चूक मुलांची नव्हती. आकडे तपासून घेणे माझे काम होते. बोअर मारावा की नाही, हा शेतकऱ्याच्या घरातला किती मोठा निर्णय असतो हे वऱ्हाडातल्या मुलांना सांगावे लागत नाही. आणि तो निर्णय आम्ही एका टिंबाच्या जोरावर फिरविला होता. आम्ही त्या मामांकडे जाऊन चूक कबूल केली आणि नकाशा परत मागविला.

मग वही पुन्हा उघडली, तर चूक तेथे ढळढळीत दिसत होती. दर्यापूरच्या तुकडीच्या यादीत अक्षांश २०.४५ पासून सुरू होत होते, ते २०.५९ पर्यंत येत आणि एकदम २१.०० वर उडी मारीत. मध्ये एकही विहीर नाही! चाळीस-एक किलोमीटरच्या पट्ट्यात माणसे पाणी पीत नाहीत की काय? मिनिटे ५९ च्या पुढे जात नाहीत, म्हणून टिंबानंतरचे आकडेही ५९ च्या पुढे गेले नव्हते. तुमच्या हाती अशी यादी आली आणि टिंबानंतर साठ ते नव्याण्णव कधीच दिसत नसतील, तर समजा की दशांश अपूर्णांकाच्या कपड्यात मिनिटे लपलेली आहेत.

या दोन चुकांवरून माझे एक मत झाले आहे. नुसती संख्या म्हणजे माहिती नव्हे. पदार्थविज्ञानात आम्ही एकक न लिहिणाऱ्याचे गुण कापतो. ‘वेग पाच’ असे उत्तर आम्हाला चालत नाही. मग ‘स्थान २०.५६, ७७.२०’ हे उत्तर कसे चालावे? स्थानाची प्रत्येक संख्या हाती आली की तिला चार प्रश्न विचारलेच पाहिजेत.

पहिला प्रश्न : तुझे नाव काय? म्हणजे तू अक्षांश की रेखांश? साऱ्या जगाने एकच क्रम ठरवावा असे काही जण म्हणतात. मला ते होईलसे वाटत नाही, आणि त्याची वाट पाहण्याचे कारणही नाही. क्रमावर विसंबू नका, नाव लिहा. आज्ञावलीत दोन नुसते आकडे कंसात टाकण्याऐवजी ‘अक्षांश : २०.९३, रेखांश : ७७.७५’ असे नावासकट लिहा. लीफलेट अशी नावाची जोडीही स्वीकारते. नावे लिहिली की क्रम उलटला तरी बिघडत नाही.

दुसरा प्रश्न : तुझे माप कोणते? अंश-मिनिटे की दशांश अंश? यातच आणखी एक खड्डा आहे. दोन गावांमधील अंतर काढताना कोसाइन घ्यावा लागतो, कारण रेखावृत्ते ध्रुवाकडे जवळ जवळ येत जातात. विषुववृत्तावर एक अंश रेखांश म्हणजे १११ किलोमीटर, पण आपल्या २१ अक्षांशावर तो सुमारे १०४ किलोमीटरच भरतो, आणि स्वालबार्डला तर जेमतेम २४. यासाठी १११ ला अक्षांशाच्या कोसाइनने गुणावयाचे. २१ अंशांचा कोसाइन ०.९३ आहे. पण संगणकाच्या बहुतेक भाषा कोन रेडियनमध्ये मागतात! तुम्ही नुसते २१ दिलेत तर तो २१ रेडियन समजतो आणि उत्तर देतो उणे ०.५५. अकोला ते अमरावती हे अंतर सरळ रेषेत सुमारे ८० किलोमीटर आहे. तुमच्या आज्ञावलीने ते पन्नास सांगितले, तर रेल्वेला दोष देऊ नका, रेडियनला द्या.

तिसरा प्रश्न : तू कोणत्या पृथ्वीवरची? हा प्रश्न विचित्र वाटेल, पण त्याचे उत्तर आपल्या विदर्भाच्या मातीतच आहे. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला. सुमारे अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट डोंगरमाथ्यांवर चढवीत, त्रिकोणाला त्रिकोण जोडीत, तो एका रेखावृत्ताच्या आसपास उत्तरेकडे सरकत राहिला. हे काम चालू असतानाच १८२३ साली हिंगणघाट येथे त्याचा अंत झाला. त्याचे थडगे तेथेच आहे. जॉर्ज एव्हरेस्टने ते काम पुढे नेले. कन्याकुमारीच्या परिसरातून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत गेलेली ती महान त्रिकोणमाला आपल्या वऱ्हाडातून गेली आहे. या मापनांच्या आधारे एव्हरेस्टने १८३० मध्ये पृथ्वीचा आकार ठरविला. त्याच्या हिशोबाने विषुववृत्ताशी पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६३७७.३ किलोमीटर. आजचे उपग्रह जी पृथ्वी मानतात तिला डब्ल्यूजीएस-८४ म्हणतात. तिची त्रिज्या ६३७८.१ किलोमीटर आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्टच्या पृथ्वीवर बेतलेले आहेत आणि तुमचा मोबाईल उपग्रहांच्या पृथ्वीवर. जुन्या नकाशावरील आकडा जसाच्या तसा मोबाईलमध्ये टाकलात, तर आपल्या भागात विहीर शंभराहून अधिक मीटर हलते. म्हणजे शेजाऱ्याच्या शेतात!

चौथा प्रश्न : तुझ्यावर कितपत विश्वास ठेवू? टिंबानंतर एक आकडा असेल तर स्थान सुमारे ११ किलोमीटरपर्यंत कळते. दोन आकड्यांनी एक किलोमीटरपर्यंत, चारांनी ११ मीटरपर्यंत, सहांनी ११ सेंटिमीटरपर्यंत. मोबाईलचे मोजमापच काही मीटर इकडेतिकडे होते. मग विहिरीचे स्थान टिंबानंतर दहा आकड्यांनी लिहिणे म्हणजे ज्वारीचे पोते सोन्याच्या काट्यावर तोलल्याचा आव आणणे होय.

यावर कोणी म्हणेल, ‘‘सर, आता हे सारे संगणकच करतो. मुलांना हे कशाला?’’ या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. आम्ही आज्ञावलीत आता एक चौकट घातली आहे : अक्षांश २० ते २२ आणि रेखांश ७६ ते ७९ यांच्या बाहेर काही आले तर थांब. अमरावती आणि अकोला हे दोन्ही जिल्हे या चौकटीत बसतात. बर्फात जाणारी विहीर ही चौकट नक्की अडवील. पण बार्शीटाकळीत गेलेली विहीर? ती चौकटीच्या आतच होती! ती चूक संगणकाने पकडली नाही. आपल्या गावचे पाणी कसे लागते हे ज्या मुलीला ठाऊक होते, तिने पकडली. यंत्र आकड्याचे रूप तपासते. आकडा खरा की खोटा, हे जमीन ओळखणारा माणूसच सांगू शकतो.

आणि हे काम आता फक्त हौशी मंडळींचे राहिलेले नाही. २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. तीत शेतकरी मोबाईलवरून पिकाचे छायाचित्र काढतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी वडिलांच्या हातातला मोबाईल घेऊन ही नोंद केली असेल. त्या दोन संख्या म्हणजे तुमच्या घरचे शेत आहे. त्या वाचता येणे हे सातबारा वाचता येण्याइतकेच आवश्यक आहे, असे मी म्हणेन.

म्हणून माझी एक सूचना आहे. प्रत्येक शाळेच्या दर्शनी भिंतीवर शाळेचे नाव असते, स्थापनेचे वर्ष असते. त्याखाली शाळेचे स्थानही लिहावे. अक्षांश आणि रेखांश अशा नावांसकट, दशांश अंशात, आणि उपग्रहांच्या पृथ्वीवरचे हे सांगून. ते रंगाऱ्याकडून रंगवून घेण्याआधी विद्यार्थ्यांनी स्वतः पडताळून पाहावे. कसे? २१ मार्चच्या सुमारास मैदानावर एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने सरळ उभी करा आणि दुपारची सर्वांत आखूड सावली मोजा. अमरावतीला ती सुमारे ३८ सेंटिमीटर भरेल. सावलीला काठीने भागून ज्या कोनाचा टॅन्जंट येतो तो तुमचा अक्षांश, सुमारे २१. ही सावली साडेचार मीटर भरली तरच तुम्ही स्वालबार्डला आहात असे समजा! मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात, २५ तारखेच्या सुमारास, अमरावतीत भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. अकोल्याला ते एक-दोन दिवस आधी घडते. तेव्हा सुट्टी असते, म्हणून हा प्रयोग घराच्या गच्चीवर करा. एक अंश रेखांशाला सूर्याला चार मिनिटे लागतात. तेव्हा अमरावतीची दुपार अकोल्याच्या तीन मिनिटे आधी होते, हेही दोन गावच्या मित्रांनी मिळून मोबाईलवर बोलत पडताळावे.

एकदा स्वतःच्या सावलीतून स्वतःचा अक्षांश काढलेला विद्यार्थी २०.५६ आणि २०.९३ यांची गल्लत सहजासहजी करणार नाही. कारण त्या संख्येमागचे ऊन त्याने सोसलेले असेल.

आमचा विहिरींचा नकाशा आता दुरुस्त झाला आहे. त्याच्या कोपऱ्यात आम्ही मापे, पृथ्वीचा नमुना आणि मोजल्याची तारीख लिहितो. दर्यापूरची प्रत्येक विहीर दर्यापूरलाच आहे की नाही, हे त्या गावच्या कोणाला तरी दाखविल्याशिवाय तिचे टिंब लावत नाही. त्या मामांनी पुढच्या उन्हाळ्यात बोअर मारला. पाणी गोडे लागले. बातमी कळली तेव्हा आनंद झाला. आणि एक उन्हाळा आमच्यामुळे वाया गेला, याची आठवणही झाली.

तेव्हा मित्रांनो, आज घरी गेल्यावर आपल्या विहिरीचे, नाही तर अंगणातल्या कडुनिंबाचे अक्षांश-रेखांश वहीत लिहा. लिहिताना आधी कोणता हा प्रश्न मनात येईल. तेव्हा क्रम आठवीत बसू नका, नाव लिहा.